निक्सीच्या सभेत मताला किंमत हवी

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय : निक्सीच्या कारभारात सभासद आणि डोमेनधारकांना बंधनकारक मताधिकार मिळण्याबाबत

महोदय,

.इन आणि .भारत या डोमेनचा, म्हणजे या अक्षरांनी संपणाऱ्या वेबसाइटच्या पत्त्यांचा, कारभार निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) पाहते. २००३ साली ना-नफा कंपनी म्हणून ती उभी राहिली. आपल्या मंत्रालयाचे सचिवच तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष असतात. २०१४ मध्ये देवनागरीतलं .भारत सुरू झालं आणि मराठीत पत्ता घेणाऱ्या दुकानदाराचा, शाळेचाही तिच्याशी संबंध आला. पण ज्यांची नावं या डोमेनवर नोंदलेली आहेत, त्यांना तिथे मत नाही.

रोजचा कारभार संचालक मंडळानेच पाहावा, याबद्दल माझा वाद नाही. सर्व्हर कुठे ठेवायचा, हे सभा भरवून ठरत नसतं. प्रश्न आहे तो मंडळ चुकलं तर त्याला थांबवायचं कोणी.

ब्रिटनमध्ये .यूके सांभाळणारी नॉमिनेट ही सभासदांची कंपनी. दरवाढ, अधिकाऱ्यांचे पगार, भलत्या व्यवसायात घातलेला पैसा यांवरून सभासद धुमसत होतेच. त्यात व्यवस्थापनाने त्यांची चर्चेची जागाच बंद करून टाकली. सभासदांनी विशेष सर्वसाधारण सभेची मागणी रेटली. २२ मार्च २०२१ रोजी मतदान झालं आणि सुमारे ५३ टक्के मतांनी अध्यक्षांसह संचालकांची हकालपट्टी झाली. त्यामुळे .यूके एक दिवसही बंद पडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण सभासदांना अधिकार दिले की गोंधळ माजेल, हा युक्तिवाद आपल्याकडे फार लवकर पुढे येतो.

गोंधळ माजतो, हेही खरं आहे. आफ्रिकेतले आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांचे क्रमांक, वाटणारी मॉरिशसची ॲफ्रिनिक ही संस्था कोर्टकज्ज्यांत इतकी रुतली की संचालक मंडळाचा कोरमच उरला नाही आणि न्यायालयाला कारभार पाहण्यासाठी रिसीव्हर नेमावा लागला. जून २०२५ मधली तिची निवडणूक मुखत्यारपत्राच्या वादातून रद्द झाली. म्हणून नुसतं मत देऊन भागणार नाही. ते कोणी, कसं द्यायचं आणि एकाच्या हाती किती मतं साचू द्यायची, हे पोटनियमांत आधीच बांधून घ्यावं लागेल.

यासाठी नवं काही शोधायला नको. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकन सरकारचं छत्र सुटताना आयकॅनने, म्हणजे जगभरातल्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने, असाच तोडगा काढला. कारभार मंडळाकडे राहिला. पण अर्थसंकल्प नाकारणं, संचालकांना दूर करणं आणि मूलभूत पोटनियमांतल्या बदलांना मान्यता देणं हे अधिकार वापरकर्ते, उद्योग, सरकारं अशा घटकांच्या सामायिक व्यवस्थेकडे गेले. हे अधिकार वापरण्याचा उंबरठा उंच ठेवला आहे. तो तसाच हवा.

महाराष्ट्राला सर्वसाधारण सभा शिकवावी लागत नाही. साखर कारखान्याच्या सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषयपत्रिका कशी पाच मिनिटांत संपते, हेही आम्ही पाहिलं आहे. तरीही संचालकांना वर्षातून एकदा त्या मांडवात येऊन बसावं लागतं. निक्सीला डोमेनधारकांसमोर तेवढंही करावं लागत नाही.

तेव्हा माझी मागणी मर्यादित आहे. इंटरनेट सेवा कंपन्यांबरोबरच डोमेन नोंदवणाऱ्या कंपन्या, निक्सीकडून आयपी पत्ते घेतलेल्या संस्था आणि डोमेनधारक यांचे मतदार गट करावेत. मंडळावर त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. डोमेनच्या शुल्कात वाढ, राखीव निधीचा वापर आणि पोटनियमांतला बदल या तीन गोष्टी त्यांच्या मंजुरीशिवाय होऊ नयेत. कोणत्याही एका कंपनीच्या मतांना कमाल मर्यादा असावी, नाहीतर दोन बड्या दूरसंचार कंपन्याच सभा चालवतील. सरकारला राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून नकाराधिकार हवा असेल तर तो जरूर ठेवा. मात्र तो वापरल्यास कारण लेखी जाहीर व्हावं.

पोटनियमांचा सुधारित मसुदा मराठीसह अनुसूचित भाषांत प्रसिद्ध करून हरकतींसाठी किमान ६० दिवस द्यावेत, ही विनंती.

आपला,
सांगलीतला एक .इन डोमेनधारक