नवे सभासद आणताना : प्रायोजकांसाठी सूचना

सर्व रोटेरियन बंधू-भगिनींना नमस्कार.

ऑगस्ट हा रोटरीत सभासदवाढीचा महिना. पाहुणा आणणार असाल तर दोन दिवस आधी सचिवांना नाव कळवा; ताट आणि नावाचा बिल्ला ऐनवेळी होत नाही. पहिल्याच भेटीत फॉर्म पुढे करू नका. दोन सभा, एखादं रक्तदान शिबिर दाखवा आणि वर्षाचा खर्च पूर्ण सांगा. जेवणाचे, प्रकल्पाचे पैसे मागाहून निघाले की माणूस दुखावतो आणि गळतो.

नव्या सभासदाला रोटरीची पिन लावली की प्रायोजक (त्याला आणणारा सभासद) सुटला, असं नाही. सहा महिने त्याच्याशेजारी बसा (आपल्या नेहमीच्या कंपूत नव्हे!). महिनाभरात छोटं, ठरावीक काम द्या : शिबिरातलं नोंदणीचं टेबल, चहा-बिस्किटांचा हिशोब. लागोपाठ तीन सभा चुकल्या तर फोन करा, मेसेज नको.

रोटरी इंटरनॅशनलच्या वर्गणीचं बिल १ जुलै आणि १ जानेवारीच्या सभासद यादीवर निघतं. सोडून गेलेल्यांची नावं त्याआधी कमी झाली नाहीत तर भुर्दंड क्लबला.

सत्कारात नेमकं काम सांगा. ‘सर्वांचे आभार’ कुणालाच पोचत नाहीत. पॉल हॅरिस फेलो हा मान रोटरी फाउंडेशनला दिलेल्या १००० डॉलर देणगीशी जोडलेला आहे, तो यात मिसळू नये.

– सभासदत्व समिती