इंजिन बंद, किल्ली चालू, आकडा ९५

प्रिय दादा,

तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता इथे लिहीत नाही. "ताई, गर्दी नको, आहे तेच काम उरकत नाही," असं तुम्हीच म्हणाला होतात. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण त्या दिवशी धायरीत तुमच्या पत्र्याच्या शेडखाली माझ्या तोंडून धड दोन शब्द निघाले नाहीत.

गाडीत मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात दाबून जास्त हवा भरणारा पंखा, बसवला तो माझ्याच हौसेने. महिन्यातून दोनदा साताऱ्याला आईकडे जाते आणि खंबाटकीचा चढ हा त्या वाटेवरचा माझा सगळ्यात आवडता तुकडा. दिवाळीनंतर त्याच चढावर गाडी दगा द्यायला लागली. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेवर चढवलेला जास्तीचा दाब, वाढला की एक झटका, आणि क्षणभर गाडीत जीवच नाही. एकदा मागे भरलेला ट्रक होता आणि शेजारी आई. तिने काही न बोलता माझा दंड घट्ट धरला. ती पकड अजून आठवते.

तुमच्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी गेले. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने पेट्रोलचा पंप. तिसऱ्याने निदान नेमकं दुखणं ओळखलं. मूळचा मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा एकूण दाब मोजणारा, २.५ बारपर्यंतच मोजतो. पुण्याच्या हवेचा स्वतःचा दाबच ०.९५ बार, म्हणजे बूस्ट १.५५ च्या पुढे गेला की सेन्सर आंधळा, आणि माझा बूस्ट १.७ पर्यंत जायचा. आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटला की ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडायचा. त्यांनी नाना पेठेतून ३ बारचा सेन्सर आणला, लावला आणि म्हणाले, "बघा मॅडम, झटका गेला." झटका खरंच गेला होता. पण चढावर बोनेटखालून बारीक टिकटिक यायला लागली. ती सांगायला गेले तर उत्तर मिळालं, "तुम्हाला नाही कळणार, मिस्टरांना पाठवा."

दादा, मी सोळा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर आकडेच वाचते. मला समजावून सांगण्याची तसदी त्यांना घ्यायची नव्हती, एवढंच होतं. आणि त्यात माझं इंजिन जाणार होतं.

तुम्ही गाडी सुरूच केली नाहीत. लॅपटॉप जोडलात, स्टूल पुढे ओढलंत आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. मग किल्ली माझ्या हातात दिलीत. "ताई, किल्ली फक्त चालू करा, इंजिन नको. आता सेन्सरचा आकडा वाचा."

मी वाचला, ७९.

"इंजिन बंद आहे. म्हणजे आत-बाहेर हवा एकच. पुण्यात किती दिसायला पाहिजे?" तुम्ही विचारलंत आणि थांबलात. शेडमध्ये दुसऱ्या तीन गाड्या उभ्या होत्या, पोरगा पाना घेऊन तुमची वाट बघत होता, तरी तुम्ही थांबलात. मी चाचरत म्हणाले, "हवामान खात्याच्या साइटवर साडेनऊशेच्या आसपास बघितलंय." तुम्ही म्हणालात, "बरोबर. तो हेक्टोपास्कल. स्क्रीनवर किलोपास्कल, त्याचा दहावा भाग, म्हणजे इथे ९५ हवा. तुमच्या गाडीला वाटतंय ती कळसूबाईच्याही वर कुठेतरी उभी आहे."

सेन्सर दाब व्होल्टमध्ये कळवतो. सेन्सर नवा, पण कोणत्या व्होल्टला किती दाब धरायचा याचा ईसीयूमधला हिशोब जुनाच राहिला होता. म्हणून खरा दाब २.६५ असताना गाडी २.२ समजत होती. पेट्रोल तेवढ्याच अंदाजाने सोडत होती, आणि दाब कमी दिसतोय म्हणून टर्बोकडे आणखी मागत होती. हवा जास्त, पेट्रोल कमी. ती टिकटिक म्हणजे नॉकिंग, पेट्रोल आत अवेळी पेटणं, पिस्टन फोडणारं.

हे ऐकताना मला आमच्या लॅबमधली सकाळ आठवली. मशीन चालू केलं की आधी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावायचा. त्याचा आकडा बरोबर आला तरच पेशंटच्या रक्ताला हात लावायचा. माझ्या गाडीचा कंट्रोल कोणी लावलाच नव्हता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा तुम्ही पोराला हाक मारलीत, "इकडे ये, ताई काय सांगतात ते ऐक." दादा, तिथेच माझा घसा दाटला. तीन महिने मी गॅरेजच्या दारात उभी राहून माझीच गाडी असल्याचं पटवून देत होते.

पुढचं काम तुम्ही केलंत, ते मी फक्त बघितलं. सेन्सर काढला तर खालची ओ-रिंग चिरलेली, वरून सिलिकॉन थापलेलं. तुम्ही नखाने ते सगळं खरवडलंत, नव्या रिंगला बोटाने तेलाचा एक थेंब लावलात आणि सेन्सर तिरका न होऊ देता हळूच दाबून बसवलात. लॅपटॉपवर नवा हिशोब भरलात. मग पुन्हा किल्ली माझ्याच हातात. ९५.

ज्याच्या हातात विद्या आहे, त्याने समोरच्याला त्यात थोडी जागा करून द्यावी, याहून मोठा सज्जनपणा मी पाहिलेला नाही. आमच्याकडे रिपोर्टचा कागद हातात धरून, भेदरलेल्या डोळ्यांनी लोक येतात. आता मीही तो कागद काउंटरवर आडवा ठेवते, दोघांना दिसेल असा, आणि बोट ठेवून सांगते. घाई असली तरी.

मागच्या रविवारी साताऱ्याला गेले. खंबाटकीत आई मागच्या सीटवर झोपली होती. सुरूरपर्यंत जागी झाली नाही.

निघताना तुम्ही बजावलं होतंत, "पावसाळ्यात आकडा एखाद्याने खाली येईल, घाबरू नका. हवेचाच दाब उतरतो." काल रात्रभर पाऊस होता. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी किल्ली फिरवून बघितलं. ९४ होता. मी गाडी काढली आणि कामावर गेले.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली ताई