मारियानाच्या तळाशी मासे नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत खोल समुद्रावर लेख आला होता, घरात मुलांनी आवडीने वाचला, पण त्यात मारियाना ट्रेंचच्या (पॅसिफिक महासागरातली जगातली सगळ्यात खोल घळ) अगदी तळाशी, म्हणजे जवळपास ११ किलोमीटर खाली मासे राहतात असं छापलंय आणि शेजारी फोटो कसला तर दातवाल्या, डोक्यावर दिवा लटकणाऱ्या अँगलरफिशचा. दोन्ही चुकीचं आहे. मुलं हेच पाठ करतात म्हणून लिहितोय.

अँगलरफिश बराच वर असतो. सगळ्यात खोल राहणारा मासा म्हणजे स्नेलफिश. मारियानातल्या जातीला २०१७ मध्ये स्युडोलिपारिस स्वायरी असं नाव मिळालं. जेमतेम फूटभर लांब, फिकट गुलाबी, अंगावर एकही खवला नाही आणि कातडी इतकी पारदर्शक की आतलं लिव्हर बाहेरून दिसतं. तरंगायला लागणारी हवेची पिशवी नाहीच, हाडं अर्धी कूर्चेसारखी मऊ, कवटीही पूर्ण बंद नाही. ८००० मीटरवर दाब वरच्यापेक्षा ८०० पट, पाणी बर्फागत गार, उजेड शून्य, आणि तिथे हा नाजूक दिसणारा मासा कोळंबीसारखे बारीक जीव तोंडाने ओढून खात आरामात फिरतो, त्याला खाणारं त्या खोलीत कोणी नाही!

मग तळापर्यंत का जात नाही? तर एवढ्या दाबाखाली शरीरातली प्रोटीन बिघडू नयेत म्हणून माशांच्या अंगात टीएमएओ नावाचं रसायन असतं. आपल्या बांगड्यात पण असतं, मासळी शिळी व्हायला लागली की जो वास सुटतो तो ह्याच्यापासूनच. मासा जितका खोल राहणारा तितकं हे जास्त, पण साधारण ८२०० ते ८४०० मीटरच्या पुढे जायचं तर ते एवढं लागेल की शरीरातलं द्रावण समुद्राच्या पाण्यापेक्षा दाट होईल आणि बाहेरचं पाणी आत शिरायला लागेल. शास्त्रज्ञांनी हा हिशोब २०१४ ला मांडला. नंतर २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा ट्रेंचमध्ये कॅमेरा सोडला तेव्हा एक छोटा स्नेलफिश ८३३६ मीटरवर दिसला, म्हणजे बरोबर त्याच मर्यादेत. तिथलं पाणी मारियानापेक्षा किंचित उबदार, म्हणून तो थोडा जास्त खाली जाऊ शकला असं म्हणतात.

तळाशी मासा ही गोष्ट बहुतेक १९६० पासून चालत आलीय. जाक पिकार आणि डॉन वॉल्श त्रिएस्त पाणबुडीतून तळाला गेले तेव्हा पिकार यांनी लेप माशासारखा चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं, पण गाळ उसळल्यामुळे फोटो काही मिळाला नाही, आणि ती समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव, मासा नव्हे) असावी असं आता बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. माणूस तिथवर पोचला हीच केवढी मोठी गोष्ट, त्यात मासा घुसवायची गरज नाही.

तर पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा ही विनंती, आणि सोबत स्नेलफिशचा खरा फोटो मोठा टाका, रंगीत.

एक वाचक, मालवण