ओहोटीच्या वेळी ये

वाशी, नवी मुंबई
२२ जून २०२५

प्रिय समीर,

तुझा मेसेज मिळाला. ‘आयएलओ कुठला घेऊ, पटकन सांग.’ म्हणजे सगळ्या ब्रँचना सामाईक असलेला तो ऐच्छिक विषय. एका शब्दात सांगता आलं असतं तर व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकलं असतं रे. फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून हे पत्र.

तू सीईटीसाठी ड्रॉप घेतलास म्हणून एक वर्ष मागे आहेस, पण विद्यापीठ मुंबईचंच. त्यामुळे इंजिनीअरिंगच्या सातव्या सेमची तुझी यादी म्हणजे माझीच गेल्या वर्षीची. प्रॉडक्ट लाइफसायकल, रिलायबिलिटी, मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स, ऑपरेशन्स रिसर्च, सायबर सिक्युरिटी, डिझास्टर मॅनेजमेंट, एनर्जी ऑडिट वगैरे. सगळे ‘साइड पेपर’ म्हणतात, पण ३ क्रेडिट, ८० ची लेखी आणि २० इंटर्नल. त्यात उडालास तर लागते ती केटीच, म्हणजे पेपर पुन्हा.

माझं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा मी चिडलेलो होतो. फॉर्म आला रात्री अकराला. आमच्या कॉम्प्युटरच्या अख्ख्या वर्गाला सायबर सिक्युरिटी हवं होतं, ‘आपल्यातलंच आहे, वाचावं लागणार नाही’ म्हणून. मी जेवून फोन हातात घेतला तोवर जागा संपलेल्या. पदरात पडलं डिझास्टर मॅनेजमेंट. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेलो तर ऑफिसातल्या बाईंनी मान वर न करता ‘आता बदल नाही’ म्हणून सांगितलं.

दिवसाचं शेवटचं लेक्चर, चार ब्रँचची पोरं एका वर्गात, कोणी कोणाला ओळखत नाही. सरांनी सुरुवात केली ती २६ जुलै २००५ पासून. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दुपारी समुद्राला भरती. आपण तेव्हा दोन वर्षांचे. मग त्यांनी असाइनमेंट दिली: घरापासून चालत जाता येईल अशी जागा घ्या, मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर तिथलं पाणी कुठे जाईल ते काढा. नेटवरचे फोटो चालणार नाहीत.

मी म्हटलं, सोपं आहे. वाशीतला मिनी सी-शोअर घेतला, खाडीकाठची ती फिरायची जागा. आठवतं ना, दहावीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी कणीस खात बसायचो तिथे? समोरच्या पाण्याला आपण खुशाल ‘तलाव’ म्हणायचो. तो धारण तलाव आहे, होल्डिंग पाँड. आपली वाशी खाजणात भराव टाकून उभी केलेली. बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून सिडकोने खाडीच्या कडेला असे तलाव ठेवले. गटारांचं पाणी आधी तिथे येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा आहेत. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, सेन्सर नाही. चार वर्षं कोडमध्ये ‘इफ-एल्स’ (असं झालं तर हे, नाहीतर ते) लिहून बोटं झिजवली आणि घरापासून दहा मिनिटांवर एक लोखंडी पत्रा तेच काम करत होता, मला पत्ता नाही!

ग्रुपमध्ये मेकॅनिकलचा एक जुहूगावचा आगरी मुलगा होता. आम्ही कठड्यावर वाकून फोटो काढत होतो आणि तो हसायला लागला. म्हणाला, ही तर उघाडी. त्याच्या आजोबांची या भागात भातशेती होती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचा आणि पावसाचं पाणी ओहोटीला सोडायला त्यात उघाडी ठेवायची. बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री सगळं गाव चिखल घेऊन धावायचं. हे त्याने भरतीची वेळ बघत बघत सांगितलं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे मी ॲपवर शोधत होतो, त्याला घरूनच माहीत. सिव्हिलवाल्या मुलीने विचारलं, तलावात गाळ साचला तर? मग काय, साठवायला जागाच कमी. आणि गाळावर कांदळवन उगवलं की ते सहजासहजी काढता येत नाही. आम्ही तिघं त्यावर अंधार पडेपर्यंत भांडलो. निकाल लागला नाही.

इंटर्नलला १७ मिळाले. कॅम्पसच्या एकाही इंटरव्ह्यूत या पेपराबद्दल कोणी विचारलं नाही, तेही सांगून ठेवतो.

आठव्या सेमला मात्र शहाणपणा केला. ‘स्कोअरिंग’ कोणता ते सीनियर्सना विचारलं, आमची चौकडी जिकडे तिकडे मी, आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट घेतलं. आदल्या रात्री नोट्स वाचल्या. मार्क डिझास्टरपेक्षा जास्तच पडले असतील. आता विचारशील तर गँट चार्टच्या (कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्याच्या) पुढे काही सांगता येणार नाही.

तू रिलायबिलिटीकडे झुकलायस, मेकॅनिकलला जवळचं म्हणून. मला विचारशील तर एनर्जी ऑडिट घे. तुझ्या मामाची काजू फॅक्टरी तिथेच आहे. बी वाफवायला बॉयलर, खाली जळायला टरफलं, ड्रायर वेगळे. एक महिन्याचं लाइट बिल घेऊन मॅक्सिमम डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली) आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातली किती खरी कामाला आली) बघायला बस, मामा आधी हसेल, मग स्वतःच मागची बिलं काढून देईल. फक्त त्याआधी एवढं विचार, की शिकवणार कोण. सर पीपीटी वाचून दाखवणारे असतील तर माझा सल्ला रद्द.

आणि फॉर्म कधी येणार ते सीआरला (वर्गप्रतिनिधीला) विचारून ठेव. रात्री अकराला जेवत बसू नकोस.

गणपतीला येशील तेव्हा आईसाठी आंबापोळी आण, तिने दोनदा आठवण केली. येण्याआधी भरतीची वेळ बघून सांगतो. झडप उघडताना दाखवायची आहे तुला.

तुझा,
नितीन