अनुभवी ऑपरेटर पाहिजे, पण अनुभव द्यायचा कोणी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेपरात करिअरची पानंच्या पानं येतात, इंजिनिअरिंगचे कटऑफ, मेडिकलचे कटऑफ, क्लासेसच्या जाहिराती, पेढे भरवतानाचे फोटो. त्याला माझी हरकत नाही, पण ज्या पोराला ५२ टक्के पडलेत त्याच्यासाठी त्यात एक ओळ नसते म्हणून हे पत्र. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून द्यायचं, छोटं वर्कशॉप चालवतो, दोन लेथ, एक मिलिंग आणि लोन काढून घेतलेलं एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), मला धरून नऊ माणसं. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

अंबड घ्या नाहीतर सातपूर, गेटागेटवर पाट्या लटकलेल्या आहेत, 'सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, फिटर पाहिजेत, अनुभव आवश्यक'. काही पाट्या उन्हाने पांढऱ्या पडल्या तरी उतरलेल्या नाहीत. आणि भरदुपारी पवननगर, उत्तमनगर, श्रमिकनगरला चक्कर मारा, सोळा-सतराची पोरं कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेली असतात, कागदोपत्री आर्ट्सला ऍडमिशन आणि कॉलेजचं तोंड परीक्षेपुरतं. आम्हा सगळ्या मालकांना माणूस तयार पाहिजे, फक्त तो दुसऱ्या कोणीतरी तयार केलेला पाहिजे.

यासाठी कायदा नाही असं नाही बरं का, शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. पण हे कोणाला फारसं माहीत नसतं की ४ ते २९ माणसांच्या जागेलाही अप्रेंटिस घेता येतो, सक्ती नाही, स्वखुशीने. म्हणजे माझ्यासारखे शेड नंबर अमुक-तमुकवाले सगळे यात बसतात! वय चौदा पूर्ण पाहिजे, धोक्याच्या कामाला अठरा, आणि मुलगा अठराच्या आत असेल तर करारावर पालकाची सही लागते. २०१९ ला जे किमान विद्यावेतन ठरलं त्यात दहावी पासला महिन्याला ६,००० आणि आयटीआय झालेल्याला ७,००० होते, त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५००, केंद्राच्या एनएपीएस (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन) योजनेतून मिळायची सोय आहे आणि २०२३ पासून तो थेट मुलाच्या खात्यात जातो.

मग घोडं अडलं कुठे? आमच्याकडे काम एकसुरी असतं हे खरं कारण आहे. माझ्याकडे बुश आणि पिना निघतात, वर्षभर तेच, इथे वर्ष काढलेला पोरगा बुश काढण्यात मास्टर होईल पण त्याला वेल्डिंग कशाशी खातात ते कळणार नाही. शेजारी फॅब्रिकेशनवाला आहे त्याच्याकडे उलटं, पलीकडे मोटर वाइंडिंगवाला, कोपऱ्यावर डाय म्हणजे साचे दुरुस्त करणारे एक जुने काका, ज्यांच्या हातातली कला त्यांच्याबरोबरच जाणार असं दिसतंय कारण मुलगा पुण्यात आयटीत आहे. एकेकट्याने आम्ही कोणीच पोराला पूर्ण ट्रेड शिकवू शकत नाही, पण चौघांनी मिळून नक्की शिकवू शकतो. आणि गंमत म्हणजे याच कायद्यात लिहिलंय की अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यता घेतलेल्या एखाद्या एजन्सीमार्फत, प्रशिक्षण दिलं तर चालतं. माझं म्हणणं एवढंच आहे की नाशिकमध्ये ही सोय छोट्या वर्कशॉपनी गल्लीपुरती वापरावी. चार महिने माझ्याकडे, चार फॅब्रिकेशनला, चार वाइंडिंगला, पोरगा सायकलवर येऊन जाऊन शिकेल आणि घरी आईच्या हातचं जेवेल.

आता कोणी म्हणेल की पोरं तर आजही हेल्पर म्हणून लागतातच की. लागतात, पण हेल्परला कोणी शिकवत नाही हो. तो सकाळी मशीन पुसतो, लोखंडाचा कीस भरतो, चहा आणतो, टेम्पो खाली करतो आणि दोन वर्षांनी हातात ना सर्टिफिकेट ना कला. शिकवायचं म्हणजे काय ते सांगतो. नव्या पोराला मी आधी मशीनला हात लावू देत नाही, व्हाइसमध्ये एमएसचा म्हणजे साध्या लोखंडाचा तुकडा बांधून देतो आणि कानस देतो, याच्या कडा काटकोनात आण म्हणतो. दहा मिनिटांत पोरगं म्हणतं झालं काका. मग गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून ट्यूबलाइटकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की परत घास. तीन-चार दिवस हेच, हाताला फोड येतात, चिडचिड होते, काहीजण तिथेच पळतात, पण ज्या दिवशी उजेड बंद होतो त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यानंतर व्हर्निअर, ०.०२ चा लीस्ट काउंट, मग मायक्रोमीटर, मग ड्रॉइंग वाचणं. जॉब प्लस, म्हणजे मापापेक्षा मोठा, राहिला तर परत पास मारून कापता येतो, मायनस गेला की भंगार, हे एकदा त्याच्या हातून घडावं लागतं, सांगून कळत नाही. यातलं काही कॉलेजच्या बाकावर बसून येतं का? आयटीआयला सुरुवात करून देतात, पण एका मशीनमागे किती पोरं उभी असतात ते जाऊन बघा.

आणि सोळाच्या पोराला पॉवर प्रेसवर बसवायचं नाही, कायद्यानेही नाही आणि अकलेनेही नाही. बेंचवर्क, मोजमाप, इन्स्पेक्शन, वाइंडिंग, टूल लावून देणं एवढं काम भरपूर झालं. करार केलेला असला की पोराला काही लागलं तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. बिनकराराच्या हेल्परचं बोट गेलं तर हळद लावून हातात पाचशेची नोट देऊन घरी पाठवणारे महाभाग आपल्याकडे आहेत, नाव घेत नाही.

मुलींचं तर कोणी बोलतच नाही. वाइंडिंगला बारीक तारेचं काम मुलींच्या हाताला फार छान बसतं असं आमचा वाइंडिंगवाला म्हणतो, त्याच्याकडे शेजारची एक मुलगी बारावी करता करता दुपारी येते, सीलिंग फॅनचा स्टार्टिंग आणि रनिंग कॉइल ती न बघता वेगळा सांगते. पण तिचं कागदावर कुठेच काही नाही. उद्या ती लग्न होऊन सिन्नरला गेली तर तिथल्या कंपनीत काय दाखवणार?

मालक लोकांची कायमची ओरड म्हणजे शिकवला की पळून जातो. अहो जाऊ द्या की, जाऊन जाऊन कुठे जाणार, इथेच नाशकात, कार्बन नाक्याला नाहीतर गरवारे पॉइंटला. तुम्ही शिकवलेला शेजाऱ्याकडे, शेजाऱ्याने शिकवलेला तुमच्याकडे, फक्त सगळ्यांनी शिकवलं पाहिजे. आत्ता एकच शिकवतो आणि बाकी पाच जण दोन हजार जास्त देऊन उचलतात, म्हणून तो शहाणा एकही शिकवायचं बंद करतो. पालकांची वेगळीच तऱ्हा, हात काळे होतील म्हणून नको, आणि लग्नाच्या बाजारात 'कंपनीत आहे' म्हटलं की चालतं, मग कंपनीत तो काय झाडतो का काय करतो ते कोणी विचारत नाही.

राज्य सरकारने २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,०००, सहा महिन्यांसाठी, पुढे ते अकरा महिने केले. पैसे चांगले, पण वय अठरापासून पुढे आणि कितीतरी पोरं सरकारी ऑफिसात टेबलं सांभाळायला बसली, मुदत संपल्यावर पुढे काय हा प्रश्न तिथेच. दहावी झालेल्या सोळाच्या पोराला त्यात जागाच नाही. याच्याउलट जर्मनीत पोरं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत असं दोन ते साडेतीन वर्षं करतात. जर्मन कंपन्यांची नावं नाशिककरांना काही नवीन नाहीत, त्यांची मशीनं आपण घेतली, ही पद्धत तेवढी घेतली नाही.

बरं नाशिकला आत्ता काम नाही असंही नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तपोवनापासून त्र्यंबकेश्वरपर्यंत वायरिंग, पाइपलाइन, पंप यांची कामं निघणार, आणि अनुभव असा आहे की ठेकेदार माणसं बाहेरून आणतात आणि मेळा संपला की ती कला त्यांच्याबरोबर गावी जाते. टेंडरमध्येच लिहा ना की प्रत्येक इलेक्ट्रिशियन-प्लंबरमागे इथला एक अठरा पूर्ण झालेला शिकाऊ पोरगा घ्यायचा. भाविकांची सोय तर होईलच, मेळा झाल्यावर गावात चार प्लंबर तरी उरतील!

आता प्रत्यक्षात काय पाहिजे ते सांगतो. अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर रजिस्ट्रेशन, ट्रेड निवडणं, करार अपलोड करणं, ओटीपी, हे सगळं आम्हाला रात्री नऊला शटर ओढल्यावर करावं लागतं आणि एका ठिकाणी अडकलं की विचारायला माणूस नसतो. निमा आणि आयमा या आपल्या कारखानदारांच्या संघटनांनी यासाठी एक टेबल, एक माणूस ठेवावा, जो वीस-पंचवीस छोट्या वर्कशॉपचे कागद एकत्र करून देईल, आम्ही त्याचे पैसे द्यायला तयार आहोत. शाळांनी सातवी-आठवीतच पोरांना एमआयडीसीत आणावं, २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, त्यातले दोन दिवस आमच्याकडे आले तरी चालतील, चहा-बिस्किट आमच्याकडून.

आमच्या लाइनमधले फॅब्रिकेशनवाला, वाइंडिंगवाला, डायवाले काका आणि मी, असे आम्ही तयार आहोत, येत्या जूनपासून दोन पोरं आणि एक पोरगी घेऊ. अनेक मालकांच्या एकत्रित प्रशिक्षणाला मान्यता कोणत्या ऑफिसातून, कोणत्या फॉर्मवर घ्यायची याची माहिती संबंधित अधिकाऱ्यांनी तुमच्याच पेपरातून द्यावी, आणि ती तुम्ही टॉपरच्या फोटोशेजारी छापावी ही विनंती.

आपला,
एक वर्कशॉपवाला, अंबड, नाशिक