ती रडत नाही म्हणून कोरडी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्गारेट ॲटवूड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीवरून दोन रविवार तुमच्या पुरवणीत वाचकांची जुंपली आहे. कादंबरीत धर्माच्या नावानं सत्ता बळकावलेली एक कल्पित राजवट काही बायकांना बड्या अधिकाऱ्यांच्या घरी मुलं जन्माला घालायला ठेवते, आणि त्यातलीच एक आपली हकीकत सांगते. पहिल्या पत्रलेखकांना ही नायिका कोरडी वाटली. पोटची पोर हिरावलेली, नवऱ्याचा पत्ता नाही, दर महिन्याला परक्या पुरुषाखाली निजायचं. आणि बाई बोलते कशाबद्दल, तर खुर्चीबद्दल, उकडलेल्या अंड्याबद्दल! दुसऱ्या बाईंचं उत्तर असं की, आघातानं तिच्या भावना गोठल्यात. मला दोन्ही पटलं नाही.

पुस्तक मी इंग्रजीतूनच वाचलं, शब्दकोश शेजारी ठेवून, त्यामुळं वेग बैलगाडीचा. मधला भाग मलाही रेंगाळला, हे कबूल. पण गोठलेली बाई जेवणातलं लोणी बुटाच्या टोकात लपवून आणेल आणि खोलीत गेल्यावर तोंडाला-हाताला चोळेल का? कातडी मऊ राहिली पाहिजे, कधीतरी कुणीतरी मायेनं हात लावील, एवढी आशा त्या लोण्यात आहे.

आणि राजवट नुकतीच आली तेव्हाचा तो दुकानातला दिवस. सिगारेट घ्यायला जाते तर तिचं कार्ड चालत नाही. त्याच दिवशी ग्रंथालयातली नोकरी जाते. सगळ्याच बायकांची जाते, आणि पैसा नवऱ्याच्या नाहीतर घरातल्या पुरुषाच्या नावावर. नवरा म्हणतो, मी सांभाळीन तुला. माणूस वाईट नाही. पण त्याला याचं फारसं काही वाटलेलं नाही, अशी शंका तिला येते आणि ती विचारायचं टाळते. तिथं पुस्तक मिटून मी सोप्यात जाऊन बसले. माझा पहिला पगार कुणाच्या हातात जायचा, ते इथं लिहीत नाही.

शेवटचं प्रकरण दोघांनीही सोडून दिलंय, तेच मला महत्त्वाचं वाटतं. साल २१९५, राजवट केव्हाच संपलेली. तिचं बोलणं टेप केलेल्या तीसेक कॅसेट सापडल्यात आणि प्राध्यापक मंडळी परिषदेत त्यावर हसतखिदळत चर्चा करतात. मुख्य वक्त्याची हळहळ काय, तर बाईनं राजवटीची जास्त माहिती द्यायला हवी होती. त्याला माहिती कमी पडली, आपल्या पत्रलेखकांना अश्रू कमी पडले. तक्रार एकच.

आमच्या निपाणीत ही तक्रार मी समोर बसून ऐकली आहे. आई बिड्या वळायची. रात्री पानं ओल्या पोत्यात गुंडाळायची, पहाटे पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, मग सूप मांडीवर. हजार भरले तरी त्यातल्या किती बिड्या छाट म्हणून बाजूला पडतील ते मोजणाऱ्याच्या मर्जीवर. छाटीचे पैसे नाहीत आणि बिडीही परत नाही. वडील गेले, तेरावं झालं, चौदाव्या दिवशी ती पुन्हा सूप घेऊन बसली. शेजारच्या काकूंनी विचारलं, कसं हाय गं? आई म्हणाली, “पानं लई वाळकी दिल्यात ह्या खेपंला.”

पुढं काही महिन्यांनी कॉलेजातल्या एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. कामगार स्त्रियांच्या व्यथा गोळा करत होत्या. तासभर आई पानं, दोरा, छाट, मोजणी यावरच बोलत राहिली. कॅसेट उलटून झाली. बाई कंटाळल्या. म्हणाल्या, “मावशी, हे झालं कामाचं. आता मनातलं सांगा ना काहीतरी.”

आईनं सुपातली बिडी दोऱ्यानं बांधली, खाली ठेवली.

“तेच तर सांगायलोय की मघाधरनं.”

– एक निवृत्त शिक्षिका, निपाणी (जि. बेळगाव)