मतदानाच्या दिवशीचा खाडा: कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

इलेक्शनचं पत्र आणि कामगार मंत्र्याला कशाला, असं तुमच्या पीएला वाटेल. निवडणूक आयोग याद्या बघतो, मशीन बघतो, बोटाला शाई लावतो, सगळं बरोबर आहे. पण बूथपर्यंत पोचायला माणूस आधी कामावरून सुटावा लागतो आणि ते खातं तुमचंय. भरपगारी सुट्टीचा आदेश तुमच्याच खात्याकडून निघतो, पेपरात छापून येतो, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार जण तो फॉरवर्ड करतात, आणि ज्याला त्याची खरी गरज असते तो त्या वेळी कुठल्यातरी गेटवर ड्युटीला उभा असतो.

मी नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहतो. वडील एपीएमसी मार्केटला माथाडी होते, आता रिटायर. मी महापे एमआयडीसीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिलिंग बघतो. म्हणजे आम्ही काही फार गरीब नाही आणि टॉवरवाले पण नाही, मधले. मधल्याला दोन्हीकडचं दिसतं.

15 जानेवारी 2026 चंच घ्या. गुरुवार होता, 29 महापालिकांचं मतदान, सार्वजनिक सुट्टी. ज्यांचं ऑफिस पाच दिवसांचं त्यांच्यातले बरेच जण शुक्रवार टाकून चार दिवस बाहेर गेले, जाऊ दे, तो त्यांचा प्रश्न. पण त्यांच्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन सकाळी 8 ते रात्री 8. मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. म्हणजे त्याच्याकडे अर्धा तास, त्यात बूथ घणसोलीला आणि ड्युटी नेरूळला, आणि बूथवर रांग. एजन्सीच्या सुपरवायजरला विचारलं तर उत्तर ठरलेलं, रिलीव्हर म्हणजे बदली माणूस नाही. रिलीव्हर दिला तर त्याचा रोज कोण भरणार, सोसायटी म्हणते एजन्सी, एजन्सी म्हणते सोसायटी, आणि वॉचमन म्हणतो नको साहेब राहू द्या, खाडा पडला तर पगार कट होतो, पुढच्या महिन्यात साइट पण बदलतात.

घरकामाच्या बायकांचं तर आणखी उलटं. सुट्टी म्हणजे घरात सगळे, पाहुणे पण, म्हणजे भांडी डबल. आमच्या गल्लीतल्या एक मावशी पाच घरं करतात, त्या म्हणाल्या, सगळ्यांनी शाईचं बोट दाखवून सेल्फी टाकले, पण उशिरा ये असं एकीनंही म्हटलं नाही. डिलिव्हरीवाल्या पोरांचं काय सांगू. लोक घरी बसले की ऑर्डरी वाढतात, त्या दिवशी ॲप बंद ठेवलं तर इन्सेंटिव्ह बुडतो, आणि कंपनीच्या लेखी तो कामगारच नाही, पार्टनर आहे, मग त्याला सुट्टी देणार कोण? त्याची त्यानंच घ्यायची, बिनपगारी.

आता कायदा. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 साली कलम 135 ब घातलं, लोकसभा-विधानसभेला मत द्यायचा हक्क असलेल्या प्रत्येक कामगाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी. रोजंदारीवाल्यालाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय, एरवी त्या दिवसाचा रोज मिळाला नसता तरी तो द्यायचा. चांगलं कलम आहे हो. पण मालकानं मोडलं तर दंड जास्तीत जास्त 500 रुपये. तीस वर्षं होत आली. 500 रुपयांत आज वाशी स्टेशनबाहेर चार माणसांचं धड जेवण होत नाही आणि एजन्सीला एका रिलीव्हरचा रोज त्याहून महाग पडतो, म्हणजे कायदा मोडणंच स्वस्त. आणि महापालिकेच्या मतदानाला ते कलम लागूच नाही, तिथं सगळी मदार तुमच्या आदेशावर. त्या आदेशात वर एक पळवाट आहे, पूर्ण दिवस शक्य नसेल तर दोन-तीन तासांची सवलत द्या म्हणतात. ती तरी कुणाला मिळाली, कुणी बघितलं का?

हे सगळं एवढं लावून का धरतोय ते सांगतो, कारण मुद्दा सुट्टीचा नाही, पैशाचा आहे.

देशातल्या वरच्या 1 टक्का लोकांकडे एकूण संपत्तीच्या 40 टक्के आहे, 2022-23 चा आकडा, वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अर्थतज्ज्ञांनी काढलेला. बाजारात त्या 1 टक्क्याचा शब्द 40 टक्क्यांचा. मतमोजणीत मात्र तो 1 टक्का 1 टक्काच राहतो. उरलेल्यांच्या हातात ही एकच जागा आहे जिथं मोजमाप पैशानं होत नाही. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत हेच बजावलं होतं, की राजकारणात एक माणूस एक मत मिळेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, हा विरोधाभास लवकर मिटवला नाही तर विषमता सोसणारेच लोकशाहीचा डोलारा उलथून टाकतील. आपण काय केलं, विषमता तर ठेवलीच वर ते एक मत वापरणं पण महाग करून ठेवलं. टॉवरवाल्याला मत द्यायला फुकट पडतं, वॉचमनला एका दिवसाचा रोज.

कुणी म्हणेल, अहो गरीबच तर मतदान करतात, रांगा तर दिघ्यात, तुर्भे स्टोअरला असतात, तुमचे सोसायटीवालेच झोपून राहतात. खरंय, बऱ्याच अंशी. 20 मे 2024 ला ठाणे लोकसभेत मतदान 52 टक्क्यांच्या आसपास झालं त्यात उन्हाळी सुट्टीवर गेलेले कमी नव्हते. पण फरक बघा ना. सोसायटीवाला मत न देताही भागवतो. पाणी कमी आलं, टँकर मागवतो. पालिकेची शाळा नको, प्रायव्हेट आहे. वाशीच्या पालिकेच्या हॉस्पिटलला गर्दी, त्याला मेडिक्लेम आहे. पालिकेची एनएमएमटी बस वेळेवर नाही, कॅब. त्याला पालिका फक्त प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलापुरती आठवते. जिच्या पोराला पालिकेच्या सीबीएसई शाळेत ॲडमिशन मिळाली तर आयुष्य बदलणार आहे, ज्याचं डायलिसिस पालिकेच्या भरवशावर आहे, त्याला दुसरं दुकानच नाही. आणि झोपडपट्टीत रांगा दिसतात त्या ज्यांचं नाव यादीत आहे आणि ज्यांना त्या दिवशी सोडलंय त्यांच्या. गेटवर उभा असलेला त्या रांगेत दिसत नाही म्हणून तो मोजला पण जात नाही.

मत नसलं तर काय होतं हे नवी मुंबईनं बघितलंय. एप्रिल 2015 ला पालिकेची निवडणूक झाली, मे 2020 ला मुदत संपली, मग कोविड, मग ओबीसी आरक्षणाची केस, वॉर्ड रचना, आणि थेट जानेवारी 2026. साडेपाच वर्षं प्रशासक. प्रशासक वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, काही काही आयुक्त फार चांगले आले. पण ज्याला इंग्रजीत मेल लिहिता येतो त्याचं काम होत राहिलं आणि ज्याला नगरसेवकाच्या ऑफिसात सकाळी जाऊन, दादा आमच्या गल्लीची लाइन तुंबलीय बघा की, एवढंच येत होतं त्याला जायला जागाच नव्हती. नगरसेवक काही संत नसतात. पण पाच वर्षांनी परत दारात यायचंय ही भीती त्यांना असते, ती भीतीच गरिबाच्या कामाची.

माझ्या घरातलं उदाहरण देतो. वडील सातारा जिल्ह्यातून आले तेव्हा पाठीवर पोती, रोजची हमाली, पडलं तर पडलं, मेलं तर मेलं. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी एकत्र केले, मोर्चे काढले, 1969 ला माथाडी कायदा झाला, बोर्ड आलं, मालकानं मजुरीवर लेव्ही म्हणजे वरची ठरावीक रक्कम बोर्डाकडं भरायची, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. अण्णासाहेब पुढं आमदारही झाले. आमची कोपरखैरण्याची खोली त्याच बोर्डाच्या पैशावर उभी आहे. हे कुठल्या शेठनं दयेनं दिलं नाही. हजारो माथाडी, त्यांच्या घरची मतं, हा हिशोब मंत्रालयात कुणीतरी केला असणारच. रोजगार हमीचं पण तसंच, 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला उतरली, 1977 ला कायदा झाला, पुढं 2005 ला दिल्लीनं देशभरासाठी तसा कायदा केला.

आणि लाडकी बहीण. जून 2024 ला बजेटमध्ये घोषणा, नोव्हेंबरला मतदान, सगळ्यांना कळतं काय ते. माझे ऑफिसवाले रेवडी रेवडी करून नाकं मुरडतात (ह्यातल्या दोघांच्या घरात फॉर्म भरलाय, असो). मला वाटतं त्या 1500 रुपयांत एक गोष्ट खरी होती, बाई मतदार म्हणून मोजली गेली. फक्त ते वरून दिलेलं होतं, मागून घेतलेलं नव्हतं, आणि वरून दिलेलं कधीही आखडता येतं. घरकामगारांसाठी 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यावर आमच्या मावशींना आजपर्यंत काय मिळालं विचारा. काही नाही. पाच घरांत विखुरलेल्या बाईची मतपेटी कुणाला दिसत नाही.

अजून एक गोष्ट जी वरून दिसत नाही. आमच्याकडं अर्ध्या लोकांचं मत गावाला. इलेक्शन आली की गावाकडून ट्रॅव्हल्स येते, फुकट नेते, जेवण घालते, आणून सोडते. गावची माती, भावकी, मला पण कळतं. पण वर्षाचे साडेतीनशे दिवस पाणी मोरबे धरणाचं पितात, पोरं इथल्या शाळेत, आणि इथल्या वॉर्डात त्यांची किंमत शून्य. बजेट लावणारा यादी बघूनच लावतो. नाव इकडं आणायला फॉर्म 8 आहे, पण भाडेकरूला दर 11 महिन्यांनी खोली बदलावी लागते, गावठाणातला मालक ॲग्रीमेंट करून देत नाही, लाइट बिल मालकाच्या नावावर. आयोगाचा नियम तसा उदार आहे, कागद नसेल तर बीएलओनं, म्हणजे बूथची मतदार यादी बघणाऱ्या माणसानं, घरी येऊन खात्री करायची, बेघर माणसासाठी रात्री तो झोपतो तिथं जाऊन बघायचं. नियम माहीत कुणाला? फॉर्म भरायला परत अर्धा दिवस, परत खाडा.

आमच्या शेजारच्या बेलापूर मतदारसंघात 2024 च्या विधानसभेचा निकाल 377 मतांनी लागला. तीनशे सत्त्याहत्तर! कोण जिंकायला हवं होतं हा माझा विषय नाही. नेरूळ, सीवूड्सच्या टॉवरच्या गेटांवर एका शिफ्टला त्याहून जास्त वॉचमन उभे असतील. त्यांची मतं पडणारच आहेत असं एकदा उमेदवारांना कळलं की बघा कसे गेटवर थांबून आठ तासांची ड्युटी, किमान वेतन, पीएफ ह्याच्यावर बोलायला लागतात. आत्ता ते गाडीची काच वर करून आत सोसायटीच्या चेअरमनकडं चहाला जातात.

तर साहेब, दिल्लीचं काम दिल्लीकडं, 500 चा दंड वाढवा म्हणून तुम्ही केंद्राला लिहू तरी शकता. पण बाकीचं तुमच्या सहीत आहे. पुढचा आदेश निघेल त्यात "सर्व आस्थापना" एवढंच न लिहिता सिक्युरिटी एजन्सी, हाउसकीपिंग कॉन्ट्रॅक्टर, गृहनिर्माण सोसायट्या, घरकाम, डिलिव्हरीचे ॲप अशी नावं घेऊन लिहा. एजन्सीनं मतदानाच्या आठवडाभर आधी कोण किती वाजता सुटणार ते रोस्टर गेटवर लावायचं आणि रिलीव्हरचा रोज मुख्य मालकानं भरायचा. त्या दिवशी तुमच्या ठाण्याच्या कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात फोन उचलायला माणूस बसवा, कारण सुट्टीचा दिवस म्हणून तेच ऑफिस बंद असतं, हे म्हणजे कमालच आहे. आणि माथाडी बोर्ड, सिक्युरिटी गार्ड बोर्ड, बांधकाम कामगार मंडळ, सगळ्यांच्या नोंदी तुमच्याकडं आहेत, त्या माणसांसाठी बीएलओंना बरोबर घेऊन फॉर्म 6 (नवीन नावाचा) आणि फॉर्म 8 चे कॅम्प लावा, पण सकाळी 11 ला नाही. नाक्यावर सकाळी 7 ला नाहीतर रात्री 8 नंतर.

कोपरखैरण्याला लावायचा असेल तर तीन टाकीजवळ लावा, गर्दी जमवायची जबाबदारी आमची. टेबल-खुर्च्या मंडळाच्या आहेत, लाइटची सोय पण होईल, फक्त बीएलओ आणि फॉर्म तुम्ही पाठवा.

आपला,
कोपरखैरण्याचा एक मतदार